चतुःसीमा



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या परड्यात शिरलं आणि आठवडाभर हललं नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी परतलो. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, तर समोर शेजारच्या आक्कांची तुळस दिसली. सांगलीच्या या घरात लग्न होऊन आल्याला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मागच्या दारातून मला ती तुळस कधी दिसली नव्हती, कारण मध्ये भिंत होती. खाली दगडमातीची, वर विटांची. ती सगळी चिखलात आडवी झाली होती.

आक्का पलीकडे खराटा घेऊन उभ्या होत्या, मी अलीकडे. घरं गाळानं भरलेली, धान्य गेलेलं, आणि त्या म्हणतात, "बरं झालं बघ गं. आता फेऱ्यानं यायला नको."

त्या दिवसापासून दोन पावसाळे आम्ही भिंतीशिवाय काढले. मध्ये चार बांबू रोवले, त्यांना जुनी नऊवारी बांधली, एवढंच काय ते कुंपण. मग घर सावरल्यावर भिंतीचा विषय निघाला. भिंत कुणाची? खर्च कुणाचा? कुठल्या रेषेवर बांधायची? आणि किती उंच? मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी कधी केली नाही, पण घराचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिला. प्रश्न पडला की आधी कागद काढायचा, ही सवय. कपाटातून कागद काढले आणि त्या कागदांनी मला फार मागे नेलं. तेच आज लिहिते आहे, मैत्रिणींनो.

पहिला कागद सासऱ्यांचं खरेदीखत. कुठलंही मराठी खरेदीखत काढून बघा, त्यात 'चतुःसीमा' असा मजकूर असतो. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्यांचं घर, पश्चिमेस तमक्यांचं परडं, उत्तरेस बोळ. लांबीरुंदी येते, क्षेत्रफळ येतं, पण आपली मिळकत नेमकी कोणती हे सांगायला शेजाऱ्यांची नावं लागतात. आमच्या खरेदीखतात पश्चिमेला आक्कांच्या सासऱ्यांचं नाव आहे. त्यांच्या कागदात पूर्वेला आमच्या सासऱ्यांचं नाव असणारच. मी आजवर हे वाचत होते, पण अर्थ मनात शिरला नव्हता. आपलं घर कुठं आहे, हे शेजाऱ्याशिवाय कागदावरसुद्धा सांगता येत नाही.

ही पद्धत किती जुनी, हे शोधायला वाचनालयातून कौटिल्याचं अर्थशास्त्र आणलं. आपल्या परंपरेत चंद्रगुप्त मौर्य म्हणजे भद्रबाहूंबरोबर दक्षिणेत येऊन श्रवणबेळगोळला सल्लेखना घेणारा राजा. हेमचंद्राचार्यांनी तर चाणक्याचे आईवडील श्रावक असल्याचं सांगितलं आहे. त्यामुळे या ग्रंथाबद्दल मला घरचा ओढा. अर्थात आजचे अभ्यासक हा ग्रंथ एका हातचा, एका काळचा मानत नाहीत. पुष्कळ वर्षं लोकांना त्याचं नावच तेवढं ठाऊक होतं. म्हैसूरच्या ग्रंथालयात पोथी हाती आली आणि शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ती छापली, तेव्हा तो पुन्हा प्रकाशात आला. मी राजकारण, हेर, सैन्य असलं काही शोधत नव्हते. मला हवं होतं तिसरं अधिकरण, जिथं घर, शेत, बाग, बांध, तळं या सगळ्याला मिळून 'वास्तू' म्हटलं आहे आणि त्यांचे तंटे कसे सोडवायचे ते दिलं आहे.

सुरुवातीलाच नियम येतो की वास्तूचे वाद सामंतांच्या साक्षीवर सोडवावेत. मी थबकले. सामंत म्हणजे मांडलिक राजे, त्यांचा आमच्या परड्याशी काय संबंध? मग टीप वाचली. सामंत या शब्दाचा जुना अर्थ शेजारी. ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे, तो सामंत. राजाच्या सीमेला लागून असलेला तो मांडलिक, आणि आपल्या भिंतीला लागून असलेला तो शेजारी. म्हणजे आक्का माझ्या सामंत!

पुढचे नियम वाचताना तर आपल्याच आळीत कुणी वही घेऊन फिरलं असावं असं वाटतं. नवं घर बांधायचं तर दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन हात किंवा तीन पावलं सोडून पाया घाला. सांडपाण्याला नीट उतार द्या. उजेडासाठी खिडकी ठेवायची तर लहान ठेवा आणि वर ठेवा. समोरच्याला त्रास होईल असं दार, खिडकी त्याच्यासमोर काढू नका. राजरस्त्यावर मात्र चालेल. पावसात पन्हळी मोकळ्या ठेवा, नाही ठेवल्या तर बारा पण दंड. आपल्या पाण्यानं दुसऱ्याची भिंत खराब झाली तरी बारा पण. घाणीनं खराब झाली तर दुप्पट. उकिरडा, मोरी, विहीर घरात जिथं शोभेल तिथंच करा. याला अपवाद एकच, बाळंतिणीसाठी केलेला खड्डा, तोही दहा दिवसांपुरता. हे वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार लिहिणाऱ्याला बाळंतिणीच्या मोरीची आठवण राहिली.

आणि या नियमांतच एक वाक्य असं की त्यानं घरमालकांना मोकळीक दिली आहे. शेजाऱ्यांनी आपसांत मिळून हवं तसं करावं आणि नको ते टाळावं. म्हणजे दोन हातांचं माप हे भांडणाऱ्यांसाठी. ज्यांचं पटतं त्यांनी बसून ठरवावं.

मनुस्मृतीतही हद्दीच्या वादाचं मोठं प्रकरण आहे. त्या ग्रंथातलं पुष्कळ काही मला मान्य नाही, एक बाई म्हणून तर नाहीच. पण हे प्रकरण शेतकऱ्याला विचारून लिहिलं असावं असं वाटतं. शेताचं कुंपण इतकं उंच हवं की उंटाला वरून डोकावता येऊ नये, आणि कुत्र्याचं किंवा डुकराचं तोंड शिरेल अशी एकही फट राहू नये. गावालगतच्या शेताला कुंपणच नसेल आणि जनावरांनी पीक खाल्लं, तर गुराख्याला शिक्षा नाही. म्हणजे कुंपण घालणं हा नुसता हक्क नव्हता, ती जबाबदारी होती. आपण आपलं काम केलं नाही तर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही.

हद्दीच्या खुणा दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत. उघड्या खुणा म्हणजे वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं, तळी, विहिरी. आणि लपलेल्या खुणा म्हणजे जमिनीत पुरून ठेवायच्या वस्तू: दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा, वाळू. लवकर न कुजणाऱ्या, मातीनं न खाल्ल्या जाणाऱ्या वस्तू. कारण काय, तर माणसं हद्द विसरतात, म्हणून ती जमिनीला सांगून ठेवायची. हद्दीचा वाद ज्येष्ठात सोडवावा असंही म्हटलं आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस गवत वाळलेलं असतं, खुणा उघड्या पडतात. आणि घर, विहीर, बाग यांच्या हद्दीचा निकाल तिथंही शेजाऱ्यांच्या साक्षीवरच, शब्दही तोच, सामंत. ही पुरलेल्या खुणांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात मराठेशाहीत शिवेचे वाद गोतसभेपुढं जायचे. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक जमायचे, साक्षी व्हायच्या आणि निकालाचा महजर लिहिला जायचा. या वादांत महाराच्या साक्षीला मोठी किंमत होती. गावची शीव कुठून कुठं जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याला ठाऊक. कुठला दगड, कुठला ओढा, कुठलं झाड, हे तो चालून दाखवायचा.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसती बसले. ज्या माणसाच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत, गावाचं कुंपण. कुंपण कुठं आहे हे सर्वांत चांगलं ज्याला माहीत, त्यालाच कुंपणाच्या आत जागा नाही. कुंपणाच्या इतिहासात हे पान मी वगळलं असतं तर माझा जमाखर्च खोटा झाला असता. आपल्या समाजानंही त्या भिंतीच्या आतल्या बाजूला बसून धर्म ऐकला आहे. 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं तर हेही त्यात धरायला हवं.

इंग्रज आले आणि साक्षीची जागा साखळीनं घेतली. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जी मोजणी आणि आकारणी केली, ती पुढं सगळ्या मुंबई इलाख्याचा नमुना झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, नकाशे झाले, हद्दीवर दगड आणि बांध आले. १८७९ मध्ये मुंबई जमीन महसूल कायदा झाला आणि त्याच्या जागी १९६६ चा महाराष्ट्राचा महसूल कायदा आला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. हद्दीच्या खुणा नीट राखणं हे जमीनधारकाचं काम आहे. सरकार दगड रोवून देईल, पण तो उभा ठेवायचा आपण. आणि तो हलवणाऱ्याला दंड आहे. गावात 'बांध कोरणे' असा शब्दच आहे. दर नांगरटीला बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढायची, वर्षागणिक जमीन वाढत जाते. शेजाऱ्याला कळतं, पण वर्षाला वीतभर मातीसाठी तोंड कोण वाजवणार? भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात ते बहुतेक अशा वीतभर मातीनंच. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, तसं.

शहरात, गावठाणात ही मोजणी सिटी सर्व्हेनं केली आणि आपल्या हाती मिळकत पत्रिका आली. घरांच्या बाबतीत आणखी एक कायदा कामाचा, १८८२ चा सुविधाधिकार कायदा. तो मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. वीस वर्षं एखाद्या खिडकीतून विनातक्रार उजेड येत असेल, तर तो उजेड हा त्या घराचा हक्क होतो. शेजाऱ्याला तो भिंत घालून बंद करता येत नाही. आणि उलट बाजूही आहे. ज्या गावात तशी रूढी असेल, तिथं शेजाऱ्याच्या आतल्या वावरावर नजर पडेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. कौटिल्याची उंचावरची लहान खिडकी फिरून आलीच की! एकाला उजेड हवा, दुसऱ्याला आडोसा हवा. दोघांचंही म्हणणं खरं आणि कायद्याला दोघांचंही ऐकावं लागतं.

आता आजचा नियम. २०२० च्या डिसेंबरात मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. त्यात कुंपणभिंतीचं कलम आहे. पुढची भिंत रस्त्याच्या मध्यापासून धरून १.५ मीटरपेक्षा उंच नको. २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा, आरपार दिसेल असा हवा. बाजूची आणि मागची भिंत १.५ मीटरच. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर वळणापासून दोन्हीकडे १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच ठेवायची आणि त्यावर गजांचं कठडं करायचं, म्हणजे वळणावर येणारी गाडी, सायकलवरचं पोर दिसतं. आणि फाटक आतच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. आमच्या आळीत निम्मी फाटकं रस्त्यावर उघडतात, आमचंही उघडत होतं. आपण आपल्या घरात शिरताना दुसऱ्याची वाट अडवायची नाही, एवढी साधी गोष्ट, पण ती नियमात लिहावी लागली.

उंचीवरून सासऱ्यांची आठवण आली. सत्तरीच्या दशकात आळीत चोऱ्या वाढल्या, तेव्हा सगळ्यांनी भिंतीवर सिमेंटात फुटक्या काचा बसवल्या. सासऱ्यांनी बसवल्या नाहीत. म्हणाले, चोर येईल वर्षातून एकदा, मांजर येतं रोज. त्याआधी इथं भिंतही नव्हती म्हणे, शेराचं कुंपण होतं. शेर, निवडुंग, घायपात, मेंदी, नाहीतर तुरकाठ्यांचा कूड, हीच आपल्याकडची कुंपणं. जिवंत कुंपण दर पावसाळ्यात वाढतं आणि कुणाच्या ना कुणाच्या बाजूला सरकतं. त्यामुळे ते कापायला दोन्ही घरांना वर्षातून एकदा तरी समोरासमोर यावं लागायचं. भिंत आली आणि ती भेट संपली.

आता पुन्हा आमच्या परड्यात येऊ. आक्का २०२० च्या हिवाळ्यात गेल्या. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, आमचे बांबू आणि नऊवारी त्यात गेली. मग आक्कांच्या मुलांनीच फोन केला, "काकू, आता भिंत करून घेऊ, खर्च निम्मा निम्मा." पायासाठी जुन्या भिंतीच्या जागी खणायला घेतलं, आणि गवंड्याला दगड लागला. पण भिंतीखाली नाही. आक्कांच्या बाजूला खणताना नाही. आमच्या बाजूला, जुन्या भिंतीच्या रेषेपासून नऊ इंच आत! घडवलेला, चौकोनी, वर खूण कोरलेला. परड्याच्या दुसऱ्या टोकालाही तसाच निघाला.

रीतसर फी भरून हद्द कायम मोजणी करून घेतली. दगड खरे निघाले. म्हणजे आमच्या सासऱ्यांनी शेर काढून भिंत घातली, तेव्हा ती नऊ इंच पलीकडे सरकली होती. शेराचा फुगवटा कापायच्या ऐवजी त्याच्या बाहेरून पाया खणला असणार. मुद्दाम केलं नसेल, असं मला आजही वाटतं. पण पंचेचाळीस फूट लांब आणि नऊ इंच रुंद म्हणजे जवळजवळ चौतीस चौरस फूट जागा. तिच्यावर आमचा धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचं झाड. तीच माती आम्ही पन्नास वर्षं आमची म्हणून शेणानं सारवली.

माझा भाचा वकील आहे. तो म्हणाला, "मावशी, काळजी कशाला करतेस? १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. उघडपणे, मालक म्हणून, सलग बारा वर्षं ताबा असेल तर दावा करता येतो. तुमची तर पन्नास वर्षं झाली." पुन्हा तेच, शेजारी बोलला नाही हाच पुरावा. आक्कांच्या घरून कुणी बोललं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही विचारात, तेवढ्यात आक्कांची मुलं आली. त्यांनी दगड पाहिले, भांडले नाहीत. उलट थोरला म्हणाला, "काकू, आम्हाला आता हे परडं ठेवून काय करायचं? घर विकणारच आहोत. परडं तुम्हीच घ्या. भिंतच नको आणि वादही नको." माझा मुलगा खूश. तो म्हणाला, "आई, हद्दच राहणार नाही, तर हद्द ओलांडली कुठं?" ह्यांनाही पटलं. पैशाची सोय होती. नऊ इंचांचा डाग आपोआप पुसला गेला असता.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याचं कारण सांगते. वीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात आम्ही दोघांनी परिग्रहपरिमाण व्रत घेतलं होतं. श्रावकाचं पाचवं अणुव्रत. सोनं किती, रोकड किती, आणि जागेच्या रकान्यात लिहिलं होतं, एक घर, एक परडं. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना पहिली जोडीच क्षेत्र आणि वास्तू यांची येते. आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात, तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात एक पळवाट नेमकी पकडून ठेवली आहे. एक घर किंवा एक शेत असं व्रत घेतलेला गृहस्थ काय करतो, तर शेजारचं घर किंवा शेत विकत घेतो आणि मधली भिंत किंवा कुंपण काढून टाकतो. आता मोजा! घर एकच, शेत एकच. आकडा मोडला नाही, व्रत मात्र मोडलं. या जोडण्याला त्यांनी अतिचार म्हटलं आहे.

स्वाध्यायात हे मी कितीदा ऐकलं होतं. दरवेळी वाटायचं, असं कोण करतं? आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी माझ्या मुलाचं वाक्य आधीच ऐकलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळा इतिहास जागेवर बसला. कौटिल्य, स्मृती, गोतसभा, इंग्रजांची साखळी, आजची नियमावली, सगळ्यांचे नियम शेजाऱ्याच्या तक्रारीपासून सुरू होतात. शेजाऱ्याला त्रास झाला तर दंड. शेजारी बारा वर्षं गप्प राहिला तर हक्क. शेजारी आनंदानं विकतो म्हणाला तर प्रश्नच मिटला. तक्रार करणारं कुणी नसेल तर कायद्याला पुढं काम उरत नाही. आपल्या आचार्यांचा नियम तिथून पुढं सुरू होतो. पलीकडे कुणाचीच हरकत नसताना अलीकडचा माणूस किती पसरतो, हे ते मोजतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर बाहेरचा लेखापरीक्षक गेल्यावर आपणच आपली वही उघडायची.

सकाळी ह्यांना म्हटलं, "परडं घ्यायचं तर आधी महाराजांकडे जाऊन व्रत परत करून येऊ. व्रत ठेवून भिंत काढायची नाही." हे बराच वेळ चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "भिंत दगडावर घाल." मुलगा दोन दिवस बोलला नाही. त्याचं चूक नव्हतं, व्रत त्यानं घेतलं नव्हतं. पण घर आमच्या नावावर होतं.

भिंत जुन्या दगडांच्या रेषेवर बांधली. निम्मा खर्च आमचा, निम्मा त्यांचा. दोन्ही दगड गवंड्याला काढू दिले नाहीत, ते पायाशी तसेच ठेवले आणि वरच्या विटेवर खूण केली. खाली पाणी जायला चार भोकं ठेवली, म्हणजे पुढच्या पुरात दाब येऊन भिंत पडायची नाही आणि आमच्या पाण्यानं त्यांची बाजू खराब व्हायची नाही. फाटक फिरवून आत उघडेल असं केलं. धुण्याचा दगड उचलून आणला. कढीपत्त्याचं झाड उचलता येईना आणि तोडायचं तर मन होईना. ते पलीकडे गेलं.

आक्कांच्या मुलांनी घर पुढच्या वर्षी विकलं. आता तिथं एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या कागदात पूर्वेला आमचं नाव आहे, आमच्या जुन्या कागदात पश्चिमेला अजून आक्कांच्या सासऱ्यांचं. भिंत नियमाप्रमाणे १.५ मीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. माझी उंची पाच फूट एक इंच. चवड्यांवर उभं राहिलं की पलीकडचं स्वयंपाकघराचं दार दिसतं. तिथली सून फोडणी टाकायच्या आधी हाक मारते, "काकू, कढीपत्ता हवा का?" पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं जे झाड आमचं समजून मी न विचारता खुडत होते, त्याची पानं आता मागून घेते. चव तीच आहे.

तुमच्या घराचं खरेदीखत कपाटात असेल. कधीतरी निवांत काढा आणि चतुःसीमेची ओळ वाचा. चार दिशांना कुणाची नावं आहेत ते बघा, आणि त्यातली कितीजणं आता नाहीत तेही.